पुण्याहून बदलून आलेली घोडी

आमचे हे रेसला जातात ही बातमी मला घरात कळली नाही. ती कळली मंडळाच्या हळदीकुंकवात, वाणाच्या स्टीलच्या गाळणीबरोबर. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात बायका वाण लुटतात ते निमित्ताला, खरी लूट बातम्यांची असते. "तुमचे मिस्टर दिसले शनिवारी रेसकोर्सवर," एका बाईंनी मला हळद लावता लावता सांगितलं, आणि कुंकू लावताना पुढचं जोडलं, "आमच्या ह्यांनी बसमधून पाहिलं. आत शिरताना." मी हसून गाळणी घेतली आणि तरातरा घरी आले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव, मी दुसऱ्या एका कार्यालयात हेडक्लार्क. घरी आल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अहो, तुम्ही रेसला जाता?"

"जातो."

"पैसे लावता?"

"नाही."

"मग करता काय तिथे?"

"घोडे बघतो."

इतकं अडचणीचं उत्तर मी संसारात ऐकलं नव्हतं. नवरा पैसे हरत असता तर चार बायकांत रडता आलं असतं. जिंकत असता तर गप्प बसता आलं असतं. पण घोडे बघणाऱ्या नवऱ्याचं लोकांना काय सांगायचं? मी खरं तेच सांगितलं आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. "हो का, घोडे बघतात?" असं म्हणून बायका माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघायच्या, अजून सोन्याचंच आहे ना म्हणून.

आणि ह्या बायका कोणाच्या? तर दिवाळीत पहाटेपर्यंत पैसे लावून रमी खेळणाऱ्यांच्या. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी तर दर आठवड्याला आय.एन.ए. मार्केटबाहेरच्या टेबलावरून लॉटरीची तिकिटं घ्यायचे. तो जुगार नव्हता. ते राज्याच्या विकासाला हातभार लावत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

माझाही ह्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता, हे उघडच आहे. म्हणून थंडीतल्या एका शनिवारी मी स्वेटर, शाल आणि संशय असं सगळं अंगावर घेऊन ह्यांच्याबरोबर गेले.

शर्यतीआधी घोड्यांना एका गोल आवारात फिरवून दाखवतात. कठड्याला माणसांची ही गर्दी! पण एकाचंही लक्ष घोड्याकडे नाही. सगळे हातातल्या पुस्तकात डोकं खुपसून पेन्सिलीनं खुणा करत होते. समोरून देखणी जनावरं चालली आहेत आणि लोक त्यांचे आकडे वाचताहेत. त्या सगळ्यांत मान वर असलेला माणूस एकच, तो माझा. मग शर्यत सुटली. लोक आरडले, उड्या मारल्या, पहिला घोडा खांबापाशी पोचला तेव्हा निम्म्यांनी तिकिटं फाडली आणि सगळे पाठ फिरवून चालू लागले. हे मात्र कठडा धरून तसेच उभे.

"संपली ना?" मी म्हटलं.

"शेवटची यायची आहे."

शेवटची घोडी दमून, मान खाली घालून आली. ती चारी पायांवर नीट चालते आहे हे बघितल्यावर ह्यांचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, "चल, चहा घेऊ." त्या दिवसापासून मी संशय सोडला. चिडायचं मात्र सोडलं नाही, कारण आता तर लोकांना सांगण्यासारखं आणखीच काही उरलं नव्हतं.

ती शेवटची आलेली घोडी ह्यांच्या ओळखीची होती. सकाळी फिरायला म्हणून हे लांबवर तबेल्यांच्या बाजूला जायचे, तिथे तिची आणि ह्यांची गाठ पडायची. राखाडी अंगाची, तोंडाकडे जवळजवळ पांढरी, डाव्या कानाच्या टोकाला बारीकशी खाच. तिचा साईस, म्हणजे मोतद्दार, शर्यतीचा दिवस सोडून ह्यांना तिला गूळ देऊ द्यायचा. कोटाच्या उजव्या खिशात रुमालात बांधलेला गुळाचा खडा असायचा. चिकट झालेले रुमाल मी कित्येक महिने धूत होते आणि साखर वाढलेली असताना हे चोरून गूळ खातात म्हणून ह्यांच्या ताटातला भात कमी करत होते.

"पुण्याकडची आहे ती," हे मला कौतुकानं सांगायचे. तिकडच्या कुठल्याशा पागेत तिचा जन्म झाला होता. "मी तिच्याशी मराठीच बोलतो."

"आणि ती?"

"आपल्या मुलांसारखं हिंदीत उत्तर देत नाही."

खरंच होतं ते. आमचा मुलगा तेव्हा "आई, मला भूक लग गयी" असं मराठी बोलत होता.

घोडीनं कधी मोठं बक्षीस मिळवलं नाही. तिसरी आली तर हे घरी श्रीखंड आणायचे. मग त्या थंडीच्या शेवटी तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली. डॉक्टरनं बघितलं, शेक झाले, पट्ट्या झाल्या, आणि ती पुन्हा धावणार नाही असं ठरलं. चालेल, फिरेल, पण धावणार नाही. मालकाला न धावणारी घोडी नको होती. कुणी चांगला माणूस फुकट नेत असेल तर न्या म्हणाला. नाहीतर जो येईल त्याच्याबरोबर जाईल.

"और कौन आएगा?" ह्यांनी साईसला विचारलं.

"तांगेवाला आएगा साहब, या शादीवाला. और कौन?"

हे घरी आले. जेवताना म्हणाले, "अगं, मी येत्या नोव्हेंबरात रिटायर होणार. मला पेन्शन आहे, सरकारी दवाखान्याचं सी.जी.एच.एस.चं कार्ड आहे. तिला काय आहे?"

"तिला क्वार्टरच्या बाल्कनीत बांधू नका म्हणजे झालं," मी म्हटलं. पण ताटातली पोळी मीही अर्धी ठेवली.

नेमकं त्याच महिन्यात आमच्या मंडळाला घोड्यांचा कळवळा आला. मासिक सभेत चर्चा ठेवली: "घोड्यांच्या शर्यती, खेळ की क्रौर्य?" ही चर्चा घोड्यांसाठी नसून आमच्या ह्यांच्यासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. गृहस्थ कुठल्याशा मंत्रालयात उपसचिव, आवाज खणखणीत. मुक्या जनावराच्या पाठीवर पडणारा चाबूक त्यांनी असा काही वर्णन केला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागच्या रांगेत बटाटेवडे येऊ लागले होते, तरी कुणी उठलं नाही. शेवटी शर्यतींच्या निषेधाचा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनीसुद्धा केला.

मी चमकलेच. सेक्रेटरीही जरा हिरमुसले, कारण ते विरोधाची तयारी करून आले होते.

"ठरावाला माझा पाठिंबा आहे," हे उभे राहून म्हणाले. "चाबूक वाईटच. पण त्याहून वाईट चाबूक संपल्यावर होतं. एक घोडी आहे, आपल्या पुण्याकडची. पाय दुखावला आहे. मालक फुकट द्यायला तयार आहे. आपला गाझियाबादचा प्लॉट नुसता पडला आहे. भिंत आहे, हातपंप आहे, चौकीदार आहे. तिथे ती राहू शकते. चंदी-चाऱ्याचं मी बघतो."

सभागृहात वडे चावल्याचाही आवाज येईना.

गाझियाबादचा प्लॉट म्हणजे आमच्या मंडळाचं स्वप्न. तिथे महाराष्ट्र भवन होणार होतं. भूमिपूजन झालं होतं, कोनशिला बसली होती, आणि कोनशिलेभोवती कमरेइतकं गवत वाढलं होतं. घोडीला ह्यापेक्षा चांगली जागा उत्तर हिंदुस्थानात मिळाली नसती.

"पुण्याची आहे म्हणता?" कुणीतरी मागून म्हणालं. "मग आजीव सभासद करून टाका यार!"

"पुण्याची असेल तर दुपारी एक ते चार कुणाला भेटणार नाही."

हशा झाला. हशा ओसरल्यावर मुद्दे निघाले, आणि आमच्या मंडळात मुद्दे काढणारे साधे लोक नव्हते. सगळं आयुष्य ज्यांनी फायलीवर शेरे मारण्यात घालवलं अशी माणसं होती ती. प्लॉट सांस्कृतिक कार्यासाठी मिळालेला आहे, तिथे घोडी ठेवणं हे सांस्कृतिक कार्य होईल का? एकजण म्हणाले, मराठी माणूस आणि घोडा ह्यांचं नातं ऐतिहासिक आहे, तेव्हा बिल्कुल होईल. दुसरे म्हणाले, ऐतिहासिक असेल, पण घटनेत तरतूद हवी. तिसऱ्यांना भीती होती की आज घोडी घेतली तर उद्या पायंडा पडेल आणि लोक म्हशी आणतील. आमच्या खजिनदार बाई, मूळच्या नगरच्या, एका मिशनच्या शाळेत शिकवायच्या, त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आत्ता जो ठराव केला तो कुणासाठी केला मग?" त्यांच्याकडे सगळ्यांनी वड्याची बशी सरकवली.

शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. उपसमिती! अश्वकल्याण उपसमिती. अध्यक्ष सेक्रेटरी स्वतः, सभासद आमचे हे आणि खजिनदार बाई. टाळ्या पडल्या. हे टाळ्यांकडे बघत उभे राहिले. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला उपसमिती म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

मार्चमध्ये उपसमिती बसली नाही, कारण बजेट. एप्रिलमध्ये वार्षिक सभा. मे-जूनमध्ये सगळे एल.टी.सी. घेऊन महाराष्ट्रात. हे मध्येच दोनदा सेक्रेटरींच्या घरी जाऊन आले. "अच्छा, ती घोडी! आहे ना अजून? चलो, मग घाई काय?" असं त्यांनी दोन्ही वेळा चहा पाजून सांगितलं. हे त्या मालकाकडे जाऊन मुदत मागून आले, साईसला विनवून आले, एका रविवारी गाझियाबादला जाऊन चौकीदाराकडून गवत कापून घेऊन आले. मी बरोबर गेले होते. खूप चिडले होते, पण डबा नेला होता. कोनशिलेवर बसून आम्ही पोळी-भाजी खाल्ली. हे बोटानं दाखवत होते, तिथे छप्पर करू, इकडे पाण्याचं टाकं. इतकं खूश मी त्यांना मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

जुलैच्या एका सकाळी हे तबेल्यापाशी गेले तर तिची जागा रिकामी. साईसनं हात झटकले. "गई साहब. परसों ले गए." कोण घेऊन गेलं ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

ह्यांनी कोटाच्या खिशातला गूळ काही काढला नाही. उन्हाळ्यात कोट नसायचा तर पँटच्या खिशात. मीही रुमाल धूत राहिले आणि भात कमी करणं सोडून दिलं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, सगळं कसं सोवळ्याओवळ्याचं आणि मुहूर्ताचं. मुलगा मात्र दिल्लीत वाढलेला. "घोडी के बिना शादी? बाबा, प्लीज यार!" म्हणाला. आता दिल्लीत लग्न म्हणजे रात्रीचं. रात्री बँड, डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, आणि त्या झगमगाटात घोडी. पण आमचा मुहूर्त भर दुपारचा. सेक्रेटरींनी दोन्ही सांभाळलं. वरात घोडीवरून, पण सकाळच्या उन्हात. घोडीवाल्यानंही आनंदानं होकार दिला. दिवसा घोडी रिकामीच असते जी, म्हणाला. रात्रभर दोन-दोन वराती केलेली घोडी दिवसा रिकामी असते म्हणजे झोपलेली असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रात्रीच्या वरातीत घोडी कुणाला दिसतच नाही. झूल दिसते, नवरदेव दिसतो, दिवे दिसतात. आमच्या वरातीत लख्ख ऊन होतं. सेक्टरच्या रस्त्यावर बँड वाजत होता, नवरदेवाचे मित्र नाचत होते, आणि लाल मखमली झुलीखाली राखाडी-पांढरी घोडी मान खाली घालून उभी होती. कपाळावर जरीचा पट्टा बांधला होता, त्यातून डावा कान तेवढा बाहेर आला होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आधीच पुढे झाले होते. तिच्या तोंडाजवळ नुसते जाऊन उभे राहिले. घोडीनं मान वळवली, नाकपुड्या फुलवल्या आणि सगळ्या वरातीदेखत ह्यांच्या नव्या सुटाच्या उजव्या खिशात तोंड घातलं.

"संभालो अंकल, जेब काट रही है!" नवरदेवाचे मित्र ओरडले. लोक पोट धरून हसले. ह्यांनी रुमाल सोडला. गुळाचा खडा तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरला. मला एवढं रडू आलं की मी बँडवाल्याच्या आडोशाला गेले.

वरात पुढे निघाली आणि मला दिसलं, हिचा पुढचा डावा पाय नीट टेकत नाही. हे लगामाशी चालत होते. घोडीवाल्याला म्हणाले, सेक्रेटरींना म्हणाले, "पाय दुखतोय तिचा. मुलाला उतरवा."

"नवरदेव मध्येच घोडीवरून उतरला तर अपशकुन होतो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि किती छान ठेवली आहे बघा! चाबूक नाही, शर्यत नाही. मजेत आहे. तुमचीच का ती? मग तर चांगलंच झालं की!"

चाबकावर बायकांना रडवणारे गृहस्थ ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण इतक्या वर्षांत आमच्या मंडळाला मी पुरती ओळखून होते. जनावराच्या पायासाठी मंडळातला एकही माणूस हलणार नाही. कशासाठी हलतील ते मला पक्कं माहीत होतं. मी तडक गुरुजींकडे गेले. दिल्लीत मराठी लग्नं लावणारे गुरुजी इनमिन दोन, आणि ह्या गुरुजींना त्या दिवशी आणखी एक लग्न गाठायचं होतं.

"गुरुजी, घोडी आहे तोवर ही पोरं नाचणार," मी मोठ्यांदा म्हटलं. "मंडप अजून केवढा लांब. मुहूर्त टळला म्हणून समजा!"

मुहूर्त! त्या एका शब्दासरशी काय धावपळ झाली म्हणून सांगू. गुरुजींनी घड्याळ बघून हात वर केले. ग्वाल्हेरकर काकूंनी "अगं बाई" म्हणून गालावर हात ठेवला. बँड थांबला. नवरदेवाला दोन काकांनी काखेत धरून खाली उतरवलं आणि आख्खी वरात पायी, जवळजवळ पळतच, मंडपाकडे सुटली. अपशकुनाचं कुणी नावही काढलं नाही. रस्त्यावर मी, हे, घोडीवाला आणि ती.

"आता हिला आराम द्या," ह्यांनी घोडीवाल्याला सांगितलं.

"शाम को दो और हैं जी," तो म्हणाला. माणूस दुष्ट नव्हता. त्याचाही लग्नाचा मोसम चारच महिन्यांचा. विकत देतोस का विचारलं तर म्हणाला, मोसमात कोण घोडी विकतं, साहब? आणि विकलीच असती तरी आम्ही नेली कुठे असती? अक्षता टाकायच्या म्हणून मी ह्यांना ओढून नेलं. ह्यांनी पंगतीत जिलबीला हात लावला नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी हे रिटायर झाले. मंडळानं सत्कार केला. त्याआधी इतिवृत्त वाचलं गेलं, त्यात अश्वकल्याण उपसमितीचा अहवालही होता, एकुलता एक. "सदर घोडीस योग्य काम मिळाले असून तिची प्रकृती उत्तम असल्याचे अध्यक्षांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. सबब विषय निकाली." वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. खजिनदार बाईंनी त्यावर सही करायला नकार दिला. मग सेक्रेटरींनी ह्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "खूप धावलात साहेब. आता निवांत बसा. तो तुमचा हक्क आहे."

टाळ्या झाल्या. हे नमस्कार करून खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ, किती सोपं आहे म्हणायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती शाल कपाटात ठेवायला घेतली. चांगली लोकरी होती, जाड, लुधियानाची. बाहेर दिल्लीची थंडी जोर धरू लागली होती. मी कपाट बंद केलं आणि ह्यांना म्हटलं, "चला, कोट घाला."

घोडीवाला आमच्या शेजारच्या मुनिरक्यातच राहायचा, गावठाणातल्या मागच्या गल्लीत. खोल्यांतून विद्यार्थ्यांच्या स्टोव्हचा वास, आणि त्यांच्यामध्ये एका पत्र्याखाली ती उभी होती. आम्हाला बघून तिनं आधी खिसा तपासला. मी शाल उलगडली, ह्यांनी तिच्या पाठीवर पसरली. पाठीच्या मानानं तोकडी पडली, पण जरीच्या काठासकट तिला शोभली.

"साहब, ये तो एकदम नई है," घोडीवाला म्हणाला.

"रिटायरमेंट की है," हे म्हणाले.

"किसकी?"

ह्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "इसकी."

घोडीवाला हसला. त्याला वाटलं साहेब थट्टा करताहेत. थोड्या वेळानं ऊन कलायला लागलं, तसा तो उठला. शाल काढून त्यानं नीट घडी केली, फळीवर ठेवली, आणि लाल मखमली झूल झटकून तिच्या पाठीवर घातली. रात्री दोन वराती होत्या.